हौसबागेतला देव

किसना, तुझं तेरावं होऊन नऊ दिवस झाले. त्या दिवशी पंगत उठली आणि जाता जाता प्रत्येक जण मला एकच सांगून गेला, "गोदाक्का, देवानं बाग दिली, देवानंच माणूस नेला. त्याच्याम्होरं कुणाचं चालतंय?" मी मान हलवत बसले होते. पत्रावळी उचलल्या, घर रिकामं झालं, तेव्हा मात्र मला ते सोसेना. हौसबागेतला तो देव जमिनीतून निघाला नव्हता. तो मी पुरला होता.

रामा सुतारानं नाही. मी, तुझ्या अक्कानं.

या नऊ दिवसांत रामाला सांगून झालं, गावाला सांगून झालं. ज्याला सांगायचं होतं तो तूच राहिलास. सांगायला मला चार वर्षं होती, आणि शेवटी चार दिवस होते. तेही मी घालवले. आता लिहून सांगते. अक्षरं तूच शिकवलीस, तेव्हा चुका काढू नकोस. आणि एकदा तरी माझं पुरतं ऐकून घे. जन्मभर अर्ध्या बोलण्यातून उठून चाकाकडं जायचास. आता कुठं जाशील?

तुझ्या बारशाला मी आठ वर्षांची होते. आईनं वरवंट्याला कुंची घातली, काजळाचं बोट लावलं, आणि रीतीप्रमाणं तुझ्याआधी त्यालाच पाळण्यात घालायला काढलं. एका बाईनं पाळण्यावरून तो दिला, खालून मी घेतला. वरवंटा जड, माझे हात बारके. तो निसटून जात्यावर आपटला आणि त्याच्या टोकाचा टवका उडाला. बाया घाबरल्या, पण आई म्हणाली, "पोरगं धडपड्या निघतंय बघा." तीन वर्षांनी आई गेली आणि तो वरवंटा माझ्या हातात आला.

पुढं माझं लग्न झालं, वर्षभरात नवरा प्लेगानं गेला, आणि सासरच्यांनी मला परत आणून सोडलं. तू सात वर्षांचा होतास. घरातली सगळी माणसं रडत होती आणि तू दारात येऊन विचारलंस, "अक्का, आता तू जाणार न्हाईस ना?" तू एकटाच खुशीत होतास. मला तुझा रागही आला आणि हसूही आलं. या पोरासाठी मी काहीही करीन, असं तेव्हा मनाशी म्हणाले होते. बोलायला काय जातंय, पंधरा वर्षांची होते मी.

सेलूच्या जिनिंगमध्ये तू फिटर झालास तेव्हा मला वाटलं, लागलं हे पोरगं मार्गाला. मग मालकानं मशीनचा कसला तरी भाग आणायला तुला हैदराबादला धाडलं. दोन दिवसांचं काम होतं, तू आलास सहाव्या दिवशी. भाकरी वाढली तर ताटाकडं बघितलंसुद्धा नाहीस. चुलीतला कोळसा घेतलास आणि मी आदल्या दिवशी सारवलेल्या भिंतीवर एक मोठं गोल काढलंस.

"तिथं जत्रंवानी नुमाइश भरलीया, अक्का. एवढं मोठं चाक, त्याला पाळणे. माणसं नुसती हसायला आल्ती. नवस न्हाई, कंदुरी न्हाई, कुणाचं काही फेडायचं न्हाई. नुसती बसायलीत अन् हसायलीत."

"मग? आपल्याला काय करायचंय त्याचं?"

"आपल्याकडं तसंच करायचं. वर्षातून एकदा न्हाई. बाराही महिने."

मी म्हणाले, "आधी भाकर खा. अन् भिंत कोण सारवणार?"

ती भिंत मी पुन्हा सारवलीच नाही. तू रोज तिच्यावर काही ना काही वाढवत गेलास. चाकाशेजारी लाकडी घोड्यांची चक्री आली. मग तळं आलं, तळ्यात नाव आली. बागेभोवती बैलांनी ओढायची आगगाडी आली. तू म्हणायचास, "एक दिवस मुंबईची माणसं सेलूच्या ठेसनात उतरतील अन् विचारतील, हौसबाग कुठंय." मी म्हणायचे, "सेलूत रुईचे गठ्ठे सोडून कोण उतरतंय रे?" तू चिडायचास. लग्नाचं काढलं की, आधी चाक उभं राहू दे, म्हणायचास. मी ते सगळं हसण्यावारी न्यायचे. आज ती भिंत बघवत नाही मला.

चाक उभं राहायला दोन वर्षं लागली. पाथरीच्या रस्त्याला तो पडीक तुकडा मिळाला, त्यातले दगडगोटे तू आणि मी वेचले. जिनिंगमधल्या खलील मिस्त्रीनं मालकाला विचारून भंगारातला दांडा आणि दात्यांची चाकं काढून दिली. "मेरे बच्चे पहले बैठेंगे," एवढीच त्याची अट. आणि लाकूडकाम रामाचं. तुम्ही दोघं एका पाटीवर शिकलेले, एकमेकांच्या शिव्या खाऊन मोठे झालेले. रामानं त्या अख्ख्या चाकात एक खिळा मारला नाही. म्हणायचा, "खिळा लाकूड फाडतो. पाचर लाकडासंगं ऱ्हाती." उन्हाळ्यात लाकूड आकसलं की पाचरी ढिल्या होतात, म्हणून दर महिन्याला अनवाणी चाकावर चढायचा. सांध्याला कान लावायचा, ठोकायचा, परत कान लावायचा. आवाजावरून त्याला कळायचं. खाली बैल घाण्याला फिरतात तसे फिरायचे आणि वर पाळणे.

परवानगीला तुझ्याबरोबर मी तहसिलीत आले होते, आठवतं? उर्दूत अर्ज लिहून नेला होतास. कारकुनानं वाचला आणि विचारलं, "किस देवता की जत्रा? किस पीर का उरूस?"

"कुणाचाच न्हाई, साहेब. लेकरांसाठी हाय."

"अरे मियाँ, ये खाना खाली नहीं रहता."

तो रकाना रिकामाच ठेवायचा म्हणून तू हटून बसलास. दुपारपर्यंत बसलास. शेवटी त्यानं वैतागून काहीतरी लिहिलं आणि शिक्का मारला. बाहेर आल्यावर तू एवढा फुगला होतास, जसं काही राज्यच जिंकलंस. मी मनात म्हणाले, बाबा, कारकून एक वेळ सोडील, गाव सोडायचं नाही.

आणि मला तू कडीवर बसवलंस. प्रत्येक पाळण्याला पुढून आडवी दांडी, दांडीला लोखंडी कडी. ती मी लावायची. पांढऱ्या कपाळाची बाई लेकरांच्या पाळण्याला हात लावते म्हणून पहिल्याच दिवशी कुजबूज झाली. तू सगळ्यांसमोर म्हणालास, "माझ्या अक्कानं लावलेली कडी सुटत न्हाई. ज्याला चालत न्हाई त्यानं पायी हिंडावं." किसना, मी घराबाहेर पडले ती तुझ्यामुळं. लग्नकार्यात मला मागल्या दारी बसवायचे, बारशाला कोणी बोलवायचं नाही, आणि हितं दिवसभर लेकरं माझ्या हाताखालून वर जायची, किंचाळायची, खाली यायची, परत जायची. तुझे उपकार मी कधी बोलून दाखवले नाहीत. आपल्यात तशी पद्धतच नव्हती. आता म्हणते, तू मला माणसांत आणलंस.

पण माणसंच येईनात. पहिला महिना नवलाईचा गेला. मग गावातल्या म्हाताऱ्या बाया विचारायला लागल्या, "जत्रंत देव राखतो पाळणे. हितं राखण कुणाची?" त्यांचंही काही वेडं नव्हतं. आपल्याकडं कोणत्याही जत्रेत आधी नारळ, मग पाळणा. देवाचं नाव घेतल्याशिवाय एवढ्या उंच लेकरू कोणी चढवावं? तेवढ्यात एका पाळण्याची दांडी मोडली. पोरगी वर लोंबकळली. रामानं चढून तिला धडधाकट खाली आणलं, साधं खरचटलंही नाही तिला. पण झालं. दुसऱ्या दिवसापासून बागेत चिटपाखरू नाही.

तेव्हा रामा तुला म्हणाला होता, मी तिथंच होते, "एक दगड ठिव, किसना. शेंदूर फास. लोकांला लागतंय ते दे की. तुझं काय जातंय?"

आणि तू म्हणालास, "देव आला की दार येतंय. दार आलं की दारावर माणूस बसतोय. मग त्यो ठरवणार कोण आत अन् कोण भाईर."

"अरे, पण आत येणारं कुणी हाय का आता?"

बैल नुसते बांधून होते. महिना गेला, दोन गेले. एक दिवस तू करवत मांडीवर घेऊन चाकाखाली बसलेला दिसलास. म्हणालास, "उद्या मोडतो, अक्का. जिनिंगात परत घेतात का बघतो." रामाला ते करवत बघवेना. तो म्हणाला, "कापू नगं. मी बांधलंय, मीच उकलतो. सकाळी पहार घेऊन येतो."

तुझा चेहरा मी लहानपणापासून बघितलेला. आई गेली तेव्हाही तू तसा दिसला नव्हतास. माझ्यापुढं एकच होतं, हे चाक मोडलं की हा माणूस मोडतो. आणि खरं सांगू, मीही मोडते. परत मागल्या दारी बसायचं माझ्या जिवावर आलं होतं. म्हणजे सगळं तुझ्यासाठीच केलं असं मी म्हणणार नाही.

त्याच दिवशी टळटळीत दुपार होती, बागेत कोणी नव्हतं, रस्त्यावर कुत्रं नव्हतं. चुलीमागं जुना वरवंटा पडला होता, तोच, टवका उडालेला. झिजला म्हणून मी नवा घेतला होता. त्याला तेल-शेंदराचा लेप दिला, वर काजळी चोळली, माती चोळली. पदराखाली घेऊन बागेत गेले आणि मोठ्या खांबाच्या बुडाशी खुरप्यानं हातभर खणून पुरला. वर पाणी मारून माती चोपली. हात धुतले, घरी आले आणि तुझ्यासाठी पिठलं टाकलं. तू पोटभर जेवलास. मला वाटलं, बघ, मी तुला वाचवलं.

सकाळी रामाची पहार खणकन वाजली. मातीतून शेंदूर दिसला तसा तो पहार टाकून खाली बसला आणि हात जोडले. दोन गडी गावाकडं पळत सुटले. उन्हं चढायच्या आत तिथं निम्मं सेलू लोटलं. गुरव आला, नारळ आले, बायांनी गाणी धरली. ज्याच्यानं आपल्या घरची मिरची वाटली त्याच्यावर लोक दूध ओतायले होते. आणि किसना, तू जन्मभर त्याच्यानं वाटलेलं खाल्लंस, पण तुला वरवंटा ओळखू आला नाही. पुरुषांना कुठला ओळखू येतोय.

तू देवाकडं बघतच नव्हतास. तू रामाकडं बघत होतास.

"एवढ्या दिवसाचं मनातलं केलंस शेवटी."

"मी न्हाई रे. आईची आण."

"मग कुणी? आभाळातून पडला? दगड ठिव म्हनणारा तूच, खणणारा तूच. माझ्या बागेत दगड पेरलास तू, रामा. परत त्वांड दाखवू नको."

मी दहा हातांवर उभी होते. एक शब्द पुरला असता. माझ्या पायाशी नारळाचं पाणी वाहत आलं होतं, एवढंच मला आठवतं. रामानं एकदाच मान वर केली, मग वाकस, रंधा, पटाशी गोणपाटात गुंडाळली आणि निघाला. मला भीती वाटली. विधवा बाईनं देव केला म्हटल्यावर लोकांनी मला उभी ठेवली नसती. शिवाय तेवढ्यात कोणीतरी बैल जुंपले आणि चाक फिरायला लागलं. पाळण्यापुढं रांग लागली होती. म्हटलं, उद्या सांगू.

उद्या म्हणता म्हणता चार वर्षं झाली. बाग गाजली. पाथरीहून, जिंतूरहून, पार चारठाण्याहून गाड्या यायला लागल्या. ठेसनावर उतरून लोक खरंच विचारायचे, फक्त हौसबाग कुठंय असं नाही, देवाचं चाक कुठंय असं. घोड्यांची चक्री झाली, तळं झालं, तळ्यात नाव झाली. भिंतीवरचं एकेक खरं होत गेलं, आणि तू एकेक बघून गप्प होत गेलास. लोक म्हणायचे, किसन फिटर मोठा झाला तसा शिष्ट झाला. मला माहीत होतं ते काय होतं.

कारण तू म्हणाला होतास तसंच सगळं झालं. आधी ओटा झाला, मग कुंपण झालं, मग दार. दारावर गुरव बसला आणि त्याच्या मागं पंच. गावकुसाबाहेरच्या ज्या बापांनी तळं खणलं त्यांची लेकरं कुंपणाला तोंड लावून बघायची, आत यायची नाहीत. खलील मिस्त्रीच्या दांड्यावर चाक फिरायचं आणि त्याची पोरं बाहेर. तू पंचांशी भांडलास. ते म्हणाले, "मग देव उचलून दे भाईर." तू पुढं झालास तर माणसं काठ्या घेऊन उठली. त्या दिवसानंतर खलील मिस्त्रीच्या गल्लीतून जायचं तू सोडून दिलंस. लांबून वळसा घालून घरी यायचास.

मग माझी पाळी आली. देवाच्या पाळण्याला विधवेचा हात नको, असं ठरलं. तू आगीसारखा पेटलास. आणि मी म्हणाले, "जाऊ दे, किसना. लोकांचं बरोबर हाय." तू माझ्याकडं बघतच राहिलास. शेजारणीनं उंबऱ्यावर पाणी सांडलं तरी भांडणारी मी. त्यानंतर किती वेळा विचारलंस, जेवताना, बैलांना वैरण घालताना, "अक्का, तू भांडली का न्हाईस?" मी दर वेळी काहीतरी टोलवून लावलं. कधी म्हणाले, वय झालं. कधी म्हणाले, पाय दुखतात. उत्तर हे होतं, बाबा. मीच आणलेल्या देवानं मला बाहेर काढलं होतं. कोणत्या तोंडानं भांडू?

त्या काळात तुला माझ्याबद्दल काय वाटलं असेल ते मला कधी कळलं नाही. मागल्या दारी बसायची तिला सवयच आहे, असं वाटलं असेल कदाचित. तेवढं मनात ठेवून गेला असशील तर ते काढून टाक.

रामा गेल्यावर मानवतहून एक सुतार आणलास. त्यानं जागोजाग खिळे मारले. लाकूड फाटायला लागलं तशा पाचरी ठोकायला तूच चढायला लागलास. मी खालून ओरडायचे, "फिटर हायस तू, सुतार न्हाईस, उतर खाली." तू वरून म्हणायचास, "मग कोण चढणार? तू?" सांध्याला कान लावायचास रामासारखा, पण तुला त्यातलं काही ऐकू येत नव्हतं. ते मला खालूनही दिसायचं. मी तेव्हा रामाकडं जायला पाहिजे होतं. त्याचं घर आपल्या घरापासून हाकेच्या अंतरावर. चार वर्षं ते अंतर मला चालवलं नाही.

या वैशाखात, कोवळ्या उन्हात, तू चढलास. मी अंगण झाडत होते. गडी पळत आला तेव्हाच मला कळलं. त्यानं तोंड उघडायच्या आधी.

चार दिवस तू जगलास. कमरेखालचं काही हलत नव्हतं, पण बोलत होतास. दुसऱ्या दिवशी म्हणालास, "रामा असता तर पाचर ढिली ऱ्हायली नसती." मी विचारलं, "बोलवू का त्याला?" तू डोळे मिटलेस. म्हणालास, "त्यानं कबूल केलं तर यिऊ दे." माझ्या हातात पाण्याची वाटी होती. मी ती तुझ्या ओठाला लावली. बोलायचं ते बोलले नाही, पाणी पाजत राहिले. मला वाटलं, याचे दोन-चार दिवस राहिलेत, ह्यात मी याला हे कशाला दाखवू, की दुसऱ्या कोणी नाही, हिनंच तो दगड पुरला. मरताना तरी याला अक्का असू दे. बघ, तेव्हाही मी माझंच बघितलं. आणि रामा न केलेला गुन्हा माथी घेऊन आपल्या दारात बसून राहिला.

तेरावं झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी मी त्याच्याकडं गेले. तो लिंबाखाली गाडीच्या चाकाला आरे बसवत होता. मी उभ्यानंच सगळं सांगितलं. त्यानं हातातलं काम थांबवलं नाही. एक आरा बसवला, दुसरा घेतला, तो उलटा लागला, काढला. मग म्हणाला, "चार वर्षं मी त्याच्यावर जळत ऱ्हायलो, अक्का. मर्तिकाला आलो तर खांदा द्यायला पाय म्होरं झाला न्हाई. ते आता मी कुणापाशी फेडू?" मी म्हणाले, "मला शिव्या दे." तो म्हणाला, "जा तू." मी आले. दोन दिवसांनी कळलं, तो सकाळी एकटाच बागेत येऊन, खिळे उपसून, सगळ्या पाचरी नव्यानं ठोकून गेला. मला निरोप नाही, काही नाही. परवा वाटेत समोर आला आणि रस्ता ओलांडून गेला. त्याचं बरोबर आहे.

मग मी गावाला सांगितलं. लपूनछपून नाही. सोमवारी ओट्यासमोर सगळे जमले होते, चाक परत कधी सुरू करायचं ते ठरवायला. मी उठून उभी राहिले आणि म्हणाले, "हा देव न्हाई. हा माझ्या आईचा वरवंटा हाय. टोकाचा टवका बघा. मी पुरला, माझ्या हातानं." मला वाटलं, आता दगड पडतील. पडले असते तर बरं झालं असतं, निदान तुझ्यासारखं एकदाचं संपलं असतं.

कोणी हललं नाही. गुरवानं वाकून तो टवका बघितला. मग हात जोडून म्हणाला, "बघा लीला. देवाला यायचं व्हतं, त्यानं हिच्या हातानं स्वतःला ठिवून घेतलं." आणि बाया पुढं सरकल्या. मी ओरडले, "अगं, ह्याच्यानं मी लसूण वाटलाय." एक म्हातारी म्हणाली, "तुझी पुण्याई मोठी, बाई." खरं सांगूनही ते खरं ठरेना. किसना, लबाडी करायला मला एक दुपार पुरली होती. ती मोडायला माझा सगळा जन्म पुरायचा नाही, हे मला तिथं उभ्या उभ्या समजलं. मला रडू आलं, तर म्हणाले, अंगात आलंय.

तेव्हापासून बाया लेकरं घेऊन दारात येतात. म्हणतात, आई, डोक्यावर हात ठेवा. याच हातानं कडी लावलेली त्यांना चालत नव्हती. पहिले दोन दिवस मी दार लावून आत बसले. जेवले नाही. तुझ्यावर चिडले, की तू गेलास आणि हे मला एकटीला निस्तरायला ठेवलंस. मग विचार करत राहिले. तू असतास तर मला म्हणाला असतास, अक्का, आता तरी लबाडी नको, उचल तो वरवंटा आणि दे फेकून. आपलं भांडण झालं असतं. तू उठून गेला असतास.

काल पंच घरी आले. पाटलानं माझ्यासमोर पागोटं काढून ठेवलं आणि विचारलं, "आई, चाक सुरू करायचंय. देव काय म्हनतोय?"

कुंपणापलीकडची लेकरं माझ्या डोळ्यांपुढं आली. खलील मिस्त्रीचा धाकटाही त्यांच्यात होता. आता मिसरूड फुटलंय त्याला, पाळण्यात बसायचं वय निघून चाललंय.

मी डोळे मिटले, थोडी डोलले, आणि म्हणाले, "देव म्हनतोय, दार काढा. लेकरू कुणाचंबी असू दे, आधी भाईर उभं ऱ्हायलेलं बसंल. अन् कडी हीच बाई लावंल."

गुरवाचा चेहरा उतरला, पण त्यानंही हात जोडले. दुसरं काय करणार? देव माझ्या हातून आला, हे त्यानंच लोकांना सांगितलं होतं.

आज सकाळी त्यांनी दार उचकटून काढलं. थोड्या वेळानं मी बागेत जाईन. पहिल्या लबाडीबद्दल तुझ्या पाया पडते, किसना. ह्या दुसरीबद्दल पडणार नाही.